भैयाजी थूलच्या गुडघ्याचे कारण

७ एप्रिल १९५७, रविवार. आर्वीतल्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यामागच्या मैदानावर फुटबॉल खेळायला बावीस माणसे उतरली आणि बावीसही जिवंत परतली.

कोणी मेले नाही की काही घडलेच नाही, असे आपल्याकडे धरून चालतात. त्या दिवशी भैयाजी थूल या चोवीस वर्षांच्या कामगाराच्या उजव्या गुडघ्यात काहीतरी तुटले. काय तुटले ते तीन दिवसांत कळले. का तुटले हे ज्यांना ठाऊक होते ते बोलले नाहीत, आणि ज्यांना ठाऊक नव्हते ते मोठ्याने बोलले.

भैयाजीचे काम गठाणीच्या, म्हणजे कापसाची गाठ बांधण्याच्या, पेटीत कापूस तुडवण्याचे. सरकी निघालेली रुई खोल लाकडी पेटीत टाकीत आणि यंत्राचा दाब येण्यापूर्वी दोन माणसे आत उतरून ती पायांनी दडपीत. सात हंगाम हे काम करून त्याच्या मांड्यांत जे बळ आले होते, ते मैदानावर उपयोगी पडे. तो उजव्या कडेने अनवाणी धावे आणि भर वेगात जागच्या जागी वळे. "थूलच्या टाचेले डोळे हायेत," असे बघे म्हणत. ते अगदीच खोटे नव्हते. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. अनवाणी पाय टेकता टेकताच भेग ओळखतो आणि भार पडण्याआधी बाजूला सरकतो.

त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. आदल्या ऑक्टोबरात तो वस्तीबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला होता. परतल्यावर वस्तीच्या तोंडाशी असलेला मरीमायचा शेंदरी दगड कोणी हलवायचा, हा प्रश्न निघाला. एकेचाळीस घरांनी देवदेवता न मानण्याच्या प्रतिज्ञा घेतल्या होत्या; हात मात्र एकाचाही पुढे येईना. भैयाजीने दगड उजव्या खांद्यावर घेतला आणि नाल्याच्या डोहात नेऊन सोडला. त्याची आई धुरपता दारात बसून पाहत होती. दीक्षा तिनेही घेतली होती. पण पन्नास वर्षांची देवीची भीती कुठे नेऊन टाकायची, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

"पाह्य माय, हातपाय शाबूत हायेत ना माहे?" तो हसत म्हणाला.

"आज हायेत," धुरपता म्हणाली.

त्या वर्षी सामन्यांना बुटाशिवाय उतरू देणार नाहीत, असा नियम निघाला. प्रेसचे मुकादम बबनराव हेच कारखान्याच्या संघाचे कप्तान होते. त्यांनी कुठून कुठून जुने बूट जमवले. तळव्याला चामड्याच्या जाड गुंड्या ठोकलेले ते बूट कोणाच्या मापाचे नव्हते. भैयाजीच्या वाट्याला आलेला जोड दोन बोटे मोठा होता.

"बबनरावजी, मले बिनबुटाचं खेळू द्या. याच्यात पायाले जमीनच समजत नाई."

"अबे, जमीन समजून तिचा सातबारा काढतं का? पुढं कापूस कोंब, अन् सुतळीनं बांध कचकचून."

सगळे हसले. भैयाजीही हसला. बूट घालून इतर दहांच्या ओळीत उभे राहताना त्याला अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या घराण्यात असा बूट घालणारा तो पहिला होता. त्याने सुतळीचे वेढे घोट्याच्या वरपर्यंत आवळले.

हंगाम संपत आला होता आणि रुईचे ढीग पडून होते. शनिवारी बबनरावांनी त्याला दोन्ही पाळ्यांना पेटीत उतरवले आणि रविवारी पुन्हा दुपारपर्यंत. सामना चारला होता. पाहुण्या संघाला भेगा दिसू नयेत म्हणून सकाळीच बबनरावांनी मैदानातल्या भेगांत बॉयलरची राख भरून वरून रूळ फिरवला होता. मैदान सपाट दिसू लागले. भेगा होत्या तिथेच होत्या.

उत्तरार्धात चेंडू उजव्या कोपऱ्याकडे गेला. भैयाजी त्याच्यामागे धावला, चेंडूपाशी थांबला आणि नेहमीसारखा आत वळला. पाऊल वळले नाही. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला आणि तो पडला. सर्वांत जवळचा खेळाडू दहा पावलांवर होता.

"कोणं लाथ मारली बे?" कडेवरून कोणी ओरडले.

"कोणंच नाई. जवळ कोणी नोयतंच!"

भैयाजीला बबनरावांनी स्वतःच्या बैलबंडीत घालून घरी पोचवले. पण 'जवळ कोणी नव्हते' हे वाक्य बंडीच्या आधी वस्तीत पोचले होते.

तिसऱ्या दिवशी बबनरावच त्याला डॉक्टर प्रभाकररावांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी गुडघा वाकवून नडगी दोन्ही हातांत धरली आणि ओढली. टेबलाचा खण बाहेर यावा तशी ती पुढे आली.

"हाड शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "मांडी आणि नडगी यांना आतून बांधणारी दोरी तुटली आहे."

"पण कोणं हात नाई लावला, डाक्टरसाहेब."

"लावायची गरजच नाही. बुटाच्या गुंड्या भेगेत रुतल्या. घोटा तू सुतळीनं जखडलेला. वरचं शरीर वळलं, पाय वळला नाही; मग पीळ गुडघ्यात गेला. मांड्या ताज्या असत्या तर कदाचित सावरलं असतं. त्या दिवशी काम किती केलं होतंस?"

भैयाजीने बबनरावांकडे पाहिले. बबनराव खिडकीबाहेर पाहत होते. "सीझन हाये ना, डाक्टरसाहेब," ते म्हणाले.

ती दोरी पुन्हा जोडणारे हात आर्वीत नव्हते. ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तरीही त्या वेदनेत भैयाजीला एक विलक्षण समाधान वाटले. बूट, सुतळी, राखेखालची भेग, थकलेल्या मांड्या: चार कारणे, आणि चारही माणसांनी घडवलेली. डोहातल्या दगडाचा त्यांत कुठेच हात नव्हता.

वस्तीत मात्र निकाल आधीच लागला होता. मार नाही, हाड मोडले नाही, आणि पाय गेला. मग नेला कोणी? ज्या खांद्यावर दगड गेला होता, त्याच अंगाचा गुडघा गेला. शेजारचा म्हातारा रामाजी तर रोज दारावरून जाताना म्हणे, "बूट घालून सायब झाल्ता गडी. मायनं लंगडा सायब केला."

भैयाजीने आईला चारही कारणे समजावून सांगितली. धुरपताने शांतपणे ऐकून घेतले.

"तू आपल्याच पायाची वकिली करून राह्यला, बापा," ती म्हणाली. "डाक्टराले घेऊन ये, नाई त मुकादमाले. दुसऱ्या कोणं माह्या तोंडावर सांगितलं का बुटानं मोडला, त मानीन मी. नाई त आखाडीले दगड मांडीन."

मे महिन्यात डॉक्टर आर्वी सोडून गेले. आता त्या खोलीत जे बोलले गेले ते ऐकणारा दुसरा माणूस एकच उरला होता. जून लागताच भैयाजी काठी टेकत बबनरावांच्या घरी गेला आणि अंगणात उभा राहिला.

"काऊन आला रे? पैशाचं मालक पाहातीन."

"पैसे नाई पाहिजे, बबनरावजी. वस्तीत या अन् माह्या मायले सांगा का डाक्टर काय बोलले."

"म्हंजे मी येऊन सांगू का माह्यामुळं मोडला?"

"तुमच्यामुळं नका म्हणू. बुटामुळं म्हणा. देवीमुळं नाई, एवढंच म्हणा."

"मंग बूट कोणं देल्ला, इचारतीन. राख कोणं टाकली, इचारतीन. बाईमाणसाचा समज हाये, भैया. राहू दे न."

बबनराव क्रूर नव्हते. एका खऱ्या वाक्यामागून दुसरे येते आणि दुसऱ्यामागून तिसरे, एवढे मात्र त्यांना अचूक कळत होते. कारणे अनेक असतात तेव्हा प्रत्येक जण स्वतःला फुकट पडेल ते कारण उचलतो, आणि देवी तर सर्वांनाच फुकट पडत होती.

आखाडीच्या, म्हणजे आषाढातल्या देवीच्या पूजेच्या, आदल्या दिवशी कारखान्याचा गाडीवान मोतीलाल वस्तीत आला. त्याच्या पिशवीत दोन नारळ, एक हिरवा खण आणि शेंदराची पुडी होती.

"मालकानं भेजलं," तो धुरपताला म्हणाला. "मरीमायसाठी. भैयाच्या पायासाठी."

ज्या कारखान्यात भैयाजीसाठी पाण्याचा गडवा वेगळा ठेवलेला होता, त्या कारखान्याने त्याच्या वस्तीची देवी दोन नारळांत मान्य केली. धुरपताला दुसऱ्या कोणाचा शब्द हवा होता; तो असा मिळाला.

दुसऱ्या दिवशी बायांनी नवा दगड आणला. शेंदूर लागला, खण चढला. भैयाजी काठी टाकून पुढे झाला. त्याने दगडाला मिठी घातली आणि तो उचललाही. नाल्याकडे जाण्यासाठी तो वळला, तेव्हा गुडघा आतून निसटला आणि तो दगडासकट खाली आला. बायांनी तोंडावर हात ठेवले. रामाजीने या वेळी थट्टा केली नाही. त्याने हात जोडले. धुरपताने आधी दगड सरळ केला, मग मुलाला उठवले.

"आता त मान, बापा," ती रडत म्हणाली.

नोव्हेंबरात कारखाना सुरू झाला तेव्हा पेटीत दुसरा माणूस होता. भैयाजीला सरकी झाडायला ठेवले. दर पौर्णिमेला तो वस्तीतल्या बुद्धवंदनेला जातो आणि अर्धी वस्ती तिथून उठून दगडाकडे जाते. कोणी नव्या मुलाने दगड हलवायची भाषा काढली की लोक भैयाजीच्या गुडघ्याकडे बोट दाखवतात.

हे १९५९ साल आहे. बबनराव आर्वीतच आहेत, मुकादमच आहेत. डॉक्टरांच्या खोलीत त्यांनी जे ऐकले, ते त्यांनी धुरपताला अजून सांगितलेले नाही. तेवढे देणे राहिले आहे.