मडक्यावरची सायगावी पोळी

वाळीत टाकलेल्या माणसाच्या हातचे तुम्ही कधी जेवला आहात का? सभेत टाळ्या वाजवणे वेगळे. जेवला आहात का, एवढेच मी विचारतो.

गेल्या हिवाळ्यात, स्वराज्य दारात असताना, मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन गोंदियाहून केशोरीच्या बाजूला गावोगाव हिंडत होतो. कुठे भात आणि लाखोळीच्या, म्हणजे लाख डाळीच्या, कोवळ्या पाल्याची भाजी, कुठे निखाऱ्यावर भाजलेले वांगे. शहरातल्या कुठल्याही मेजवानीने मला असे तृप्त केलेले नाही.

एका घरी म्हाताऱ्या शेतकरणीने मला ओसरीवर बसवले आणि बजावले, "बापू, तुमचं ताट इथंच मांडते. तिकडं जाऊ नोका."

तिकडे, गोठ्यापाशी, तिचा मुलगा वेगळी चूल मांडून बसला होता. तो लढाईवरून परतलेला शिपाई. समुद्रापारच्या सायगाव शहरात, रस्त्यावर एका तिथल्याच, अनाम देशाच्या बाईच्या हातचे जेवलो, हे त्याने स्वतःच कौतुकाने गावात सांगितले होते. पंच म्हणाले, चूक कबूल कर आणि जातीला जेवण दे. तो म्हणाला, चूक कसली? तेव्हापासून तो बाहेर, आणि जो त्याच्या हातचे खाईल तोही बाहेर. मायलेकांच्या दोन चुली झाल्या त्या अशा.

मी अर्थातच ताट उचलून गोठ्यापाशी गेलो.

"जा! घास-फूस खाणाऱ्याच्या पंगतीले बसा," म्हातारी ओसरीवरून ओरडली.

"तू शिजवतं तं भाजी, अन् मी पाला कच्चा खाल्ला तं घास-फूस?" तो हसला.

त्याने उकळत्या मडक्याच्या तोंडावर धोतराचा तुकडा ताणून बांधला होता. भिजवून वाटलेल्या तांदळाचे पातळ पीठ त्यावर पळीने पसरले, वर झाकण ठेवले. क्षणात पीठ शिजले. बांबूच्या कामटीने त्याने ती पोळी अलगद उचलली, तेव्हा तिच्यातून पलीकडची चूल दिसत होती! आमच्याच शेताच्या बांधीतले धान ते. जन्मभर मी त्याचा भात खाल्ला, त्याचे हे रूप कधी पाहिले नव्हते. आत लाखोळीची भाजी, वर मूठभर कच्चा सांबार, म्हणजे कोथिंबीर, लिंबू, मिरची.

"तिथं गरिबातला गरीब हेच खाते," तो म्हणाला. "बाई खांद्यावर कावड घेऊन येते. एका टोपल्यात चूल, दुसऱ्यात वाट्या. आमी गोऱ्यायसाठी बंदुका घेऊन तिच्याच गल्लीत उभे होतो. मी खुणेनं सांगतलं, मास खात नाही. तं तिनं पोळीत नुसता पाला भरला. दुसऱ्या दिवशी मी दिसलो, तं विचारल्याबिगर पाल्याचीच."

"काऊन दिलं असेल तिनं?" मी विचारले.

"तेच तं मले अजून समजलं नाही."

बंधुत्वावर मी किती पत्रके वाटली होती! आणि ज्याची बंदूक आपल्या लोकांवर रोखलेली आहे, त्याला काय चालत नाही हे त्या बाईने लक्षात ठेवले होते.

म्हातारी ओसरीच्या कडेला सरकून ऐकत होती. बोलण्याच्या नादात त्याची पुढची पोळी फाटली.

"अरे, वाफ कोंडू दे ना," म्हणत म्हातारी उठली आणि गोठ्यापाशी आली. त्याच्या शेजारी बसली. फाटलेली पोळी तिने हातात घेतली, थोडा वेळ नुसती पाहिली.

"माय, उद्या पंच येतीन," तो हळूच म्हणाला.

"येऊ दे." तिने घास तोंडात घातला. "त्यायलेही दोन टाक."

दुसऱ्या दिवशी पंच आले. तिने पोळ्या पुढे ठेवल्या, कोणी हात लावला नाही. आता मायलेक दोघेही बाहेर आहेत, आणि त्यांची चूल एक आहे.

वाचकहो, अशी वेगळी पडलेली चूल तुमच्याही गावात असेल. हे पान खाली ठेवा, आज संध्याकाळीच तिथे जा, आणि जे शिजले असेल ते मागून, सगळ्यांच्या देखत बसून जेवा.