भाजणीचा डबा

आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या कपाटात, एक स्टीलचा डबा चार वर्षं पडून होता. झाकणाला पोचा आलेला, कडेला नागपूरच्या एका बाईचं नाव कोरलेलं. ती माझ्या मैत्रिणीची आई. डबा मैत्रिणीचा. तो भरून परत द्यायचा होता, आणि मी दिला नाही.

२००४ साली, अमेरिकेत ईडन प्रेरीत राहत असताना, मला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. मुलगी पहिलीत होती. मी मुळातच तापट. डॉक्टरवर चिडले, नवऱ्यावर चिडले, इन्शुरन्सवाल्यांचा फोन होल्डवर असताना वाजणाऱ्या गाण्यावरसुद्धा चिडले. केस गेले तेव्हा मुलगी डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "आई, यू लुक लाइक बाबा." नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आम्ही तिघं पोट धरून हसलो आणि मग मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मरायची भीती होतीच, पण तिची वेणी कोण घालणार ही भीती त्याहून मोठी होती.

केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर ही मैत्रीण असायची. पहिल्याच दिवशी माझं तोंड बघून म्हणाली, "काऊन रडून राहिली? सुई तर टोचलीच नाही अजून." मी पुण्याची आहे म्हटल्यावर, "अरे बाप्पा! मग तर चहा पण मिळायचा नाही," म्हणाली. मला राग यायला हवा होता. आला नाही. तिचीही मुलगी पहिलीतच होती. सलाइन चालू असताना आम्ही मुलींचीच गाऱ्हाणी करायचो, दात घासत नाहीत, मराठीत उत्तर देत नाहीत.

माझी गोरी शेजारीण चीज घातलेला हॉटडिश, इथला ओव्हनमध्ये भाजलेला जेवणाचा प्रकार, अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये आणून द्यायची आणि बजावायची, ट्रे परत नको, फेकून दे. आमच्यात तसं नसतं. ही नागपूरची बया स्वतःचा बरा आठवडा असला की मला डब्यातून वरण-भात, वांग्याची भाजी पाठवायची. आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे तर आपल्याला जन्मतःच शिकवलेलं. मी डब्यात निदान चार बेसनाचे लाडू घालायचे. "साखर कमी आहे," असा तिचा फोन आला नाही असं कधी झालं नाही.

दिवाळीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात फराळाचा स्टॉल लावायचा आणि येतील ते पैसे कॅन्सरच्या संशोधनाला द्यायचे, ही कल्पना तिची. मंडळाच्या एका काकू म्हणाल्या, "ऐन सणाला त्या आजाराचं नाव कशाला गं, अशुभ?" ही डोक्याला रुमाल बांधून समोर उभी. म्हणाली, "काकू, नाव नका घेऊ, चकल्या घ्या." काकूंनी दोन पाकिटांची ऑर्डर तिथल्या तिथे लिहून दिली. बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर मात्र ती हळूच म्हणाली, "औषध आपल्यासाठी नाही यायचं गं एवढ्यात. पोरींच्या वेळेला तरी यावं."

दिवाळीच्या आधी तिचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला. केमो थांबवली. एका संध्याकाळी तिचा नवरा भाजणीने भरलेला डबा माझ्या हातात देऊन गेला, आणि पाठोपाठ तिचा फोन. "आईनं नागपूरहून पाठवली. मला तळणाचा वास सोसत नाही. चकल्या तू कर. अर्ध्या स्टॉलला ठेव, अर्ध्या डब्यात घालून आण. आणि हे बघ, फोनबिन नको करू. तू ये."

"शनिवारी येते," मी म्हटलं.

शनिवारी गॅरेजमध्ये शेगडी मांडली. घरात तळलं की कोटांना महिनाभर वास येतो, म्हणून इथे सगळ्या बायका गॅरेजमध्येच तळतात. बाहेर थंडी मरणाची. केमोने माझ्या बोटांची टोकं बधिर झालेली. उकड मळता येईना, सोऱ्या फिरवता येईना. एक वेढा पडला की दुसऱ्याला चकली तुटायची. कागदभर नुसते तुकडे. नवरा म्हणाला, "असेच घेऊन जा ना. तिला काय फरक पडतो?"

मी त्याच्यावर ओरडले, "नागपूरच्या बाईसमोर मोडक्या चकल्या नेऊ? नाक कापून घेऊ?"

हे मी अगदी मनापासून ओरडले, म्हणून तर ते मला अजून छळतं. कारण खरं वेगळंच होतं. दोन आठवड्यांपूर्वी मी तिला बघून आले होते. हात हळदीसारखे पिवळे. पलंगाच्या पायथ्याशी तिची पोर स्पेलिंग लिहीत बसलेली, मध्येच मान वर करून आईकडे बघायची आणि परत लिहायची. मला तिथे माझी मुलगी दिसली. तोच पलंग, तीच वही. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं. चकल्या मोडल्या आणि, देवाशप्पथ सांगते, मला हायसं वाटलं.

रविवारी परत केल्या, परत मोडल्या. सोमवारी भाजणीच संपली. मंगळवारी तिचा फोन आला, आवाज पार खोल गेलेला. "झाल्या का गं?"

"उद्या. उद्या नक्की आणते."

बुधवारी सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला.

सुतकाच्या घरी फराळ कसा न्यायचा, आणि रिकामा डबा तरी कसा द्यायचा? मग डबा राहिलाच. दोन महिन्यांत तो माणूस मुलीला घेऊन दूर दक्षिणेत, अल्फारेटाला, त्याच्या भावाकडे राहायला गेला. मी बरी झाले. केस आले, बोटांत पुन्हा जीव आला. दरवर्षी तिच्या आठवणीत तो स्टॉल मीच लावायचे आणि लोक म्हणायचे, किती धीराची बाई! माझ्या चकल्या आता गोल, काटेरी, खुसखुशीत. पण गॅरेजमध्ये तेल तापलं की माझ्या पाठीमागून, अगदी कानाशी, ती विचारायची, "झाल्या का गं?" मी भूतबीत मानत नाही. तरी दरवर्षी मोठ्याने म्हणायचे, "उद्या." एकदा मुलीने ऐकलं. "हू आर यू टॉकिंग टू?" मी तिला उगाच रागावले.

यंदा, २००८ च्या दिवाळीला, ते दोघं बापलेक अल्फारेटाहून इथे कुणाकडे तरी आले होते. शाळेच्या कॅफेटेरियात आमचा स्टॉल होता. पाकिटांत घालायच्या चकल्या टेबलावर, आणि तुटलेल्या खाली, त्याच डब्यात. मी तो चार वर्षांत पहिल्यांदाच बाहेर काढला होता, आणि का काढला ते मलाही सांगता येणार नाही. ती पोर टेबलामागे आली. दहा वर्षांची, वेणी एका बाजूला कललेली. वडिलांनी घातली असणार. डब्यावरच्या नावावरून तिने बोट फिरवलं. "आजीचं नाव. दॅट्स अवर्स."

मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "हो राजा, तुमचाच. मी चकल्या घेऊन येणार होते. त्या मोडल्या, म्हणून आले नाही." मग गप्प बसता आलं असतं. पण म्हटलं, "आणि मी घाबरले होते. आईला तसं बघायला घाबरले."

"आय नो," ती म्हणाली. "आई रोज विचारायची, मावशी आली का. मी विंडोमधून बघायची." तिने डब्यात हात घातला, एक तुकडा काढून कुडुम्‌कन चावला, आणि दुसरा शोधायला लागली. "बट मावशी, आई तर फक्त मोडक्याच खायची. गोल पाहुण्यांना ठेवायची."

एवढं बोलून तिने झाकण लावलं. पोचा आलेल्या बाजूने ते बसेना, म्हणून तळहाताने दाबलं, आणि तुकड्यांनी भरलेला डबा पोटाशी धरून ती वडिलांकडे गेली. मी तशीच टेबलामागे बसून राहिले. वरून माझी मुलगी हाका मारत होती, आई, लोक थांबलेत.