यंत्र पूजेनिमित्त बंद आहे

हार घातलेल्या यंत्रापुढे उभं राहून "आधी हे चालवून दाखवा" असं म्हणण्याची हिंमत तुमच्यात आहे का? माझ्यात ती आहे, असं मी धरून चाललो होतो. खंडेनवमीच्या सकाळी मी डोंबिवलीहून टिटवाळ्याला गेलो, तेव्हा माझ्या पिशवीत गुलाबी कागदावर छापलेली पत्रकं होती. मथळा मीच दिला होता: "यंत्राला कुंकू नको, तेल द्या." मी वाचायला शिकलो तोच पत्रकांवर. एका बाजूला छापलेल्या कागदाने जग हलतं, अशी माझी खात्री होती.

टिटवाळ्याला स्टेशनापलीकडे माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. कायमची नोकरी सोडून ते भात सडायचं यंत्र बनवत होते. पायाने चालणारं, एकट्या बाईला झेपेल असं. परदेशी यंत्र घेण्याची ऐपत आसपासच्या गावांत कुणाची नव्हती आणि उखळापाशी बायकांचे खांदे जात होते. नवी यंत्रं बनवणाऱ्यांसाठी सरकारने कर्जाची एक योजना काढली होती. पहिल्या हप्त्यात सांगाडा आणि दाते झाले. राहिलं होतं ओतीव लोखंडाचं जड चाक, आणि त्याच्याशिवाय यंत्र फिरणार नव्हतं. ठाण्याचा ओतकामवाला आधी रोख मागत होता. रोख येणार ती दुसऱ्या हप्त्यातून, आणि दुसऱ्या हप्त्याची अट अशी की, यंत्र चालत असल्याचा अधिकाऱ्याचा अहवाल हवा.

मी ती अट तीनदा वाचली. मिस्त्रींनी एकदाच वाचली आणि म्हणाले, "म्हणजे पोर चालायला लागलं की मग बाळंतिणीला डिंकाचे लाडू."

चाक वेळेवर आलं नाही तर सुगी हातची जाणार होती, आणि सुगी गेली की मिस्त्रींना त्यांचं लेथ मशीन विकावं लागणार होतं. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, गिऱ्हाईक बघूनसुद्धा ठेवलं होतं.

मी पोचलो तेव्हा वहिनी पूजा आटपत होत्या. हातोडे, करवती, लेथ मशीन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. आसाची उंची जुळते का ते बघायला मिस्त्रींनी यंत्रावर बैलगाडीचं एक जुनं चाक चढवलं होतं. त्यालाही एक हार.

"वहिनी, हे चाक तर या यंत्राचं नाहीसुद्धा," मी म्हणालो.

"असू दे भाऊजी. तुमच्या पत्रकांपेक्षा ते जास्त गावं फिरलंय."

मी उत्तरादाखल पत्रक बाहेर काढतोय तोच दारात कोट-टोपीतले एक गृहस्थ उभे राहिले. तपासणीचे साहेब. पंधरवड्यात केव्हाही येऊ, असं त्यांचं पत्र आलं होतं. आज ऑफिसात काही काम नाही, म्हणून गणपतीचं दर्शन आणि यंत्र एकाच फेरीत उरकतो, असं ते म्हणाले.

मिस्त्रींनी लेथ मशीनवरचे दोन हार काढले आणि गाडीच्या चाकावर चढवले. मग हात जोडून म्हणाले, "साहेब, आज नवमी. हत्याराला हात लावत नाहीत."

त्या क्षणी पुढे होऊन "चालवा यंत्र" असं मी म्हणायला हवं होतं. पत्रकात तेच छापलं होतं. मी पत्रक घडी करून पिशवीत घातलं.

साहेबांनी वहाणा काढल्या, यंत्राला नमस्कार केला, एक आणा ठेवला. मग झेंडूंमधून बोट घालून चाक ठोकून पाहिलं.

"लाकूड?"

"बैलगाडीचं," मिस्त्री म्हणाले. खोटं त्यांना हार चढवण्यापलीकडे जमत नसे.

साहेबांनी बोट रुमालाला पुसलं. "खरं चाक किती दिवसांत येईल?"

"पैसे दिल्यावर वीस दिवसांत."

"माझा अहवाल वरपर्यंत पोचायला वीस दिवस लागतात. म्हणजे तो वाचला जाईल तेव्हा यंत्र चालत असेल. त्यात खोटं काही नाही."

"पण साहेब," मी म्हणालो, "अहवाल वाचल्यावरच पैसे निघणार ना?"

"तुम्ही कोण?"

"लेखक."

"मग तुमच्याकडे पेन असेल. माझं ऑफिसात पूजेला बसवलंय. तुमचं?"

"मी पूजा मानत नाही."

"फार चांगलं. बसा आणि लिहा."

अशा रीतीने त्या दिवशी टिटवाळ्यात लिहायला मोकळा असलेला मी एकटाच नास्तिक निघालो. साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं: "यंत्र चालू स्थितीत आढळले. पूजेनिमित्त बंद होते." दुसरं वाक्य लिहिताना मी थांबलो. वहिनी लेथ मशीनवर हात ठेवून उभ्या होत्या. मी लिहून टाकलं.

हप्ता दिवाळीनंतर आला, चाक अर्धी सुगी सरल्यावर. यंत्र चाललं. खडवलीच्या एका बाईने मिस्त्रींना तोंडावर सांगितलं, "यंत्र झकास आहे, तांदूळ तेवढा मोडतो." दात्यांमधलं अंतर त्यांनी तीनदा बदललं, तेव्हा कण्या कमी झाल्या. लेथ मशीन जागेवर राहिलं.

इथवर मी स्वतःला माफ केलं होतं. पण आमचा अहवाल वरच्या ऑफिसातून एकही शंका न निघता पार पडला, आणि असा अहवाल तिथे दुर्मीळ असावा. त्यावरूनच पुढच्या वर्षीच्या छापील अर्जात एक नवा रकाना आला: "यंत्राची पूजा झाली आहे काय?" आंबिवलीच्या एका तरुणाने विहिरीवरचा पंप बनवला होता, तोही अर्धाच. त्याने प्रामाणिकपणे "नाही" लिहिलं आणि अर्ज परत आला. तो मला शेडमध्ये भेटला. पूजा कुठल्या दिवशी करायची असते, हे तो मिस्त्रींना विचारत होता.

म्हणून हे लिहितो आहे. तो अर्ज तुमच्या हाती आला, तुम्ही अर्जदार असा, कारकून असा की साहेब, तर एवढं करा. तो रकाना शाईने खोडा. त्या जागी लिहा, यंत्राचा कोणता भाग अजून झालेला नाही आणि त्याला किती पैसे लागतील. खाली स्वतःची सही करा, आणि अर्ज पुढे पाठवा.