रविवारचे तेल

भामरे सर माझ्याशी बोलले ते पहिले वाक्य होते, "बाई, पदर खोचा." नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि आमच्या तांत्रिक विद्यालयात विज्ञान शिक्षिका म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. प्रयोगशाळेतली मोडकी तिवई घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेले, तर एक उंच, सावळे गृहस्थ मान वर न करताच हे म्हणाले. मला भयंकर राग आला. मग दिसले की माझ्यापासून हातभर अंतरावर लेथचा पट्टा फिरत होता. मी मुकाट्याने पदर खोचला. सरांनी लेथ थांबवला, तिवई ठेवून घेतली आणि "उद्या न्या" एवढेच म्हणाले.

सरांच्या सत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागताना गौरव समितीने सूचना केली आहे की लेख प्रेरणादायी असावा. मी प्रयत्न करते. पण मीही आता निवृत्तीला टेकले आहे. पेपर तपासून आणि निवडणुकीच्या ड्युट्या करून माझ्याकडची प्रेरणा बरीचशी खर्च झाली आहे. तेव्हा जे पाहिले तेच लिहिते.

आमची शाळा नाशिकमधल्या जुन्या शाळांपैकी. आठवी ते दहावी नेहमीच्या विषयांबरोबर इथली मुले कानस, हातोडी आणि लेथ शिकायची. "टेक्निकलचा मुलगा" म्हटले की सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दोन प्रश्न कमी विचारत. यामागे वर्कशॉपचे शिक्षक म्हणून भामरे सर होते. मुलाने लोखंडाचा तुकडा घासून घासून काटकोनात आणायचा, हा त्यांचा पहिला धडा. साधला नाही तर पुन्हा. सर रागावत नसत. दुसरा तुकडा हातात देत. काही मुलांना रागावणे परवडले असते. एका वर्षी एक पालक परीक्षेसाठी मुलाने करायचा जॉब, म्हणजे घडवलेला लोखंडी नमुना, बाहेरून चकचकीत करवून घेऊन आले. सरांनी तो कौतुकाने उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "फार सुरेख. ज्याने केलाय त्यालाच परीक्षेला बसवू." पालक पुढे बरेच दिवस माझ्याकडे सरांच्या तक्रारी सांगत होते.

हेच सर दुसरीकडे किती सैल सोडत, तेही सांगितले पाहिजे. काशिनाथ नावाचा पेठ तालुक्याकडचा मुलगा वसतिगृहात राहून आमच्याकडे शिकत होता. ऐन पावसाळ्यात, भाताची रोपे लावायच्या दिवसांत, तो वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला. मी तिथेच होते.

"सर, भाताची आवणी व्हायची हाय. बाबा एकटाच हाय. मला जावं लागंल."

"मग जा. आवणी करून ये," सर म्हणाले. "भाताला थांबता येत नाही. लेथला येतं."

मुख्याध्यापकांना हे मुळीच रुचले नाही. हजेरीचे काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. काशिनाथ परतला तेव्हा त्याचे मागे पडलेले काम सरांनी शाळा सुटल्यावर रोज थांबून त्याच्याकडून पूर्ण करून घेतले. त्या दिवसांत सरांच्या घरून वहिनी दोन डबे पाठवायच्या. सरांनी त्याबद्दल कधी कुणाला सांगितल्याचे मला माहीत नाही. वहिनींनी मात्र मला सांगितले, तेही कुरकुरत.

नव्वदचे दशक संपत आले तेव्हा सर निवृत्त झाले. निरोप समारंभात पेढे वाटले गेले, भाषणे झाली. त्यांच्या जागी माणूस मात्र आला नाही. आज मंजुरी येते, उद्या येते, असे चालले होते. वर्कशॉपचे तास बंद पडले. सरांनी मुख्याध्यापकांकडून किल्ली मागून घेतली. "नवा माणूस येईपर्यंत रविवारी तेलपाणी बघत जाईन. त्याला यंत्रं चालू मिळाली पाहिजेत," असे ते म्हणाले. कुणाची हरकत नव्हती. फुकटच्या माणसाला हरकत कोण घेतो?

मी शाळेच्या मागच्या गल्लीत राहते. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सरांची सायकल फाटकाशी लागलेली मी पाहत आले आहे. हातात तेलाची कुप्पी आणि जुन्या धोतराच्या चिंध्या. ते प्रत्येक लेथ हाताने फिरवून बघत, पुसत, तेल घालत आणि कुलूप लावून घरी जात. मुख्याध्यापक बदलले. संगणक आले, त्यांच्यासाठी वर्कशॉपचा निम्मा भाग पार्टिशन घालून घेतला गेला, लेथ उरलेल्या भागात दाटीवाटीने ढकलले गेले. सर दोन यंत्रांच्या मधून आडवे होऊन जायला शिकले. वहिनी मूळच्या सटाण्याकडच्या. एकदा त्यांच्या घरी गेले असता त्या मला म्हणाल्या, "बाई, मन्हा घर रईवार येसच नही." सर शेजारीच बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र थोडे वर धरले.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बराच वेळ झाला तरी सायकल हलेना म्हणून मी आत डोकावले. सर मुलांच्या जुन्या बाकावर बसले होते, कुप्पी मांडीवर होती.

"सर, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. कंटाळा आला, बाई."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला. का कोण जाणे, मला त्यांचाच राग आला. मी म्हणाले, "सर, तो माणूस आता येणार नाही."

"ते मला पुष्कळ वर्षांपासून माहीत आहे."

"मग तेल कशासाठी?"

सरांनी कुप्पीचे तोंड चिंधीने पुसले. मग म्हणाले, "गंज बघवत नाही." आणि उठून उरलेले दोन लेथ पुसायला लागले. त्यांचे गुडघे दुखत होते, ते दिसत होते. मला रडू आले. मी चिंधी घेतली आणि एक लेथ पुसला, फारसा चांगला नाही.

आता समितीच्या परवाच्या बैठकीबद्दल. माजी विद्यार्थ्यांनी वर्कशॉप रविवारी पुन्हा सुरू करायचे ठरवले, ही आनंदाची बातमी आहे. मात्र त्याचे प्रमुख म्हणून भामरे सरांचेच नाव जाहीर करावे, असा ठराव आला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सर अजून तरुण आहेत, त्यांना थकवा माहीत नाही, असे एकेक जण बोलत होता. याच ग्रंथात तसे आणखी लेख असतील. मी नम्रपणे सांगते, सर थकले आहेत. इतक्या वर्षांनी थकण्याचा मान त्यांनी कमावला आहे, आणि तो आपण काढून घेऊ नये.

त्या बैठकीत टाळ्या न वाजवणारा माझ्याशिवाय आणखी एक जण होता. काशिनाथ आता ओझरच्या कारखान्यात आहे. तो शेवटी उभा राहून म्हणाला, "सरांना कशाला? किल्ली माझ्याकडं द्या. माझ्यासंगं अजून चौघं हायती." त्याचे बोलणे चहाच्या गडबडीत राहून गेले. ते राहू नये म्हणून हा लेख आहे.

सर, हे तुमच्या हातात पडेल तेव्हा काशिनाथ व्यासपीठाजवळ उभा असेल. मी त्याला तसे सांगून ठेवले आहे. शाल घ्या, नारळ घ्या आणि सदऱ्याच्या खिशातली किल्ली त्याला द्या. तो शिकवील, तोच तेलही घालील. आणि एखादा रविवार त्याचा चुकला तर तुम्ही धावू नका. लेथला थांबता येतं, असे तुम्हीच त्याला सांगितले होते.

भामरे सरांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, सायकल फक्त भाजीपुरती बाहेर निघो, आणि यापुढचे सगळे रविवार वहिनींच्या घरी येवोत.