काटे कोण सरकवत होतं?

राळेगावला बी-खताच्या दुकानात मी कामाला होतो. तिथे खताच्या थैल्या लाकडी पाटांवर रचून यायच्या. ते पाहून घरच्या ट्रॅक्टरला मागून दोन लोखंडी काटे बसवायचं मी मनावर घेतलं. राजूरकडच्या भंगारातून लोखंडी चॅनेल आणले आणि सुट्ट्यांच्या दिवशी बसून वेल्डिंग केलं. काटे पाटाखाली घालायचे, हायड्रॉलिक उचललं की दहा थैल्या एकदम वर. काट्यांच्या वर अवजारांची पेटी जोडली, त्यात प्रत्येक पान्याला वेगळी खाच.

एका संध्याकाळी दुकानातून आलो तर काटे फाकलेले. मी ते दीड फुटाच्या अंतरावर कसून ठेवायचो; आता मध्ये अडीच फूट होते. अठरा-एकोणीसचा पाना भलत्याच खाचेत.

"ट्रॅक्टर कोणी नेलता?"

"कोण नेते? मले काय मालूम!" बायको भाकर थापत होती, मान वर न करता बोलली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काट्याला पांढरे केस चिकटलेले, आणि हळद-तेलाचा वास. किल्ली तर घरात, दाराआडच्या खिळ्याला. म्हणजे देणारं घरातलंच. माझा संशय सरळ धुरकऱ्यावर गेला. त्याचं शेत आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. धुऱ्याचा दगड कोणी सरकवला, यावरून दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. बायको त्याला किल्ली काहून देईल? मन नको तिथे जाऊ लागलं. ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिचा मोबाईल उघडून पाहिला. हे आज सांगतानाही लाज वाटते. त्यात काहीच नव्हतं, तरी संशय गेला नाही.

चौथ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून दुपारच्या एसटीनं परतलो. ट्रॅक्टर जागेवर नव्हता. चाकांच्या खुणा धुऱ्यापलीकडे गेलेल्या. मी त्या धरून चालत गेलो.

धुरकऱ्याच्या गोठ्यापाशी ट्रॅक्टर उभा होता आणि सीटवर माझी बायको. मागे दोन काट्यांच्या मधोमध त्याचा पांढरा बैल, पोटाखालून पोत्यांचा पट्टा. ती जपून लिव्हर ओढत होती, बैल थरथरत पायांवर येत होता. धुरकरी त्याचे पाय चोळत होता. मला पाहताच त्यानं काठी उचलली.

"भांडाले आला काय?"

बायको सीटवरूनच बोलली, "नाल्यात घसरला बैल. आठ दिवस झाले, उठून नाही राह्यला. तुमाले सांगतलं असतं त देल्ला असता काय ट्रॅक्टर?"

उत्तर तिला ठाऊक होतं.

इतक्यात पट्टा डाव्या काट्यावरून निसटायला आला. मी धावत जाऊन तो धरला आणि बैल उभा राहीपर्यंत धरूनच ठेवला. धुरकरी बैलाकडे कमी, माझ्या हातांकडेच जास्त पाहत होता. काठी त्यानं सोडली नव्हती.

रविवारी मी काट्यांच्या टोकांना आकडे वेल्ड केले, पट्टा अडकावा म्हणून. त्यानंतर संध्याकाळी मीच ट्रॅक्टर नेऊ लागलो. आम्ही दोघं एक शब्द न बोलता बैल उचलायचो.

बारा दिवसांनी सकाळीच धुरकरी आमच्या दारात आला. मी समोर ओसरीवर बसलो होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक दिली, "वहिनी, उठला हो बैल! आपल्या आपण उठला!"