मेहुण्याच्या फुफ्फुसातली ओल

माझा मेहुणा रंगारी. भिंतीला तळहात टेकवून तो ओल ओळखतो आणि ओली भिंत रंगवायला साफ नकार देतो. गिऱ्हाईक कितीही आदळआपट करो, "आधी सुकवा, मग बोलवा," म्हणून शिडी खांद्यावर टाकून चालू लागतो.

असा हा हट्टी प्राणी हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेला आणि थेट मोठ्या इस्पितळात जाऊन पडला. हाडांतल्या मगजाने रक्त बनवणंच बंद केलं होतं. वर फुफ्फुसात बुरशी. दुसऱ्याच्या मगजातल्या पेशी त्याच्यात रोवणं हाच उपाय होता; माझ्या बायकोच्या, म्हणजे त्याच्या ताईच्या पेशी तंतोतंत जुळल्या.

"सोमवारी सुरुवात करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मेहुणा ताडकन उठून बसला. "आत बुरशी असताना? आधी ती सुकवा की!"

"ती सुकवणाऱ्या पांढऱ्या पेशीच तुमच्याकडे नाहीत. थांबलो तर ती तुम्हाला संपवेल."

तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने ओल्या भिंतीला होकार दिला.

नव्या पेशींना जागा करायला औषधांनी त्याचा उरलासुरला मगजही साफ केला. आता ताईच्या पेशी मिळाल्या नाहीत तर खेळ खलास. त्या काढायच्या आदल्या दिवशी फोन आला: बायको शिडीवरून पडली! मेहुण्याने अर्धवट सोडलेलं एका गिऱ्हाइकाचं छत रंगवायला ती गेली होती. डावं मनगट मोडलं.

"अगं, त्याचा जीव तुझ्या अंगात आहे!" मी किंचाळलो.

"त्या छतापायी त्याला झोप लागत नव्हती हो. म्हटलं, एकच तर हात मारायचाय."

रक्तातून पेशी काढणाऱ्या यंत्राला दोन्ही हातांच्या शिरा हव्या होत्या. शेवटी तिच्या मानेत नळी घातली. डॉक्टरीणबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू शिडी मीच हलवली. मी तर तिथे नव्हतोच. हाच तर माझा गुन्हा.

पेशी मिळाल्या, मेहुण्याच्या अंगात गेल्या, आणि ताप एकशे चारवर चढला. पांढऱ्या पेशी रोज शून्य. रिपोर्ट घ्यायला मीच जायचो.

सतराव्या दिवशी सातशे! मी कागद उलटा धरलाय का, तेही पाहून घेतलं. ताप उतरला होता. बुरशीचा डाग होता, पण आकसू लागला होता.

बायको त्याच्या बंद खोलीच्या काचेला नाक लावून ओरडली, "अरे ए, वाचलास!"

आतून मेहुणा मात्र तिच्या हाताच्या प्लास्टरकडे डोळे फाडून पाहत होता. शिडीचं त्याला आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं.