भिवा पेंटरच्या वेलांट्या

भिवा पेंटर सकाळी गेला, आणि त्याची चिता विझायच्या आत आमच्या गावच्या ग्रुपवर त्याच्या वेलांट्या मोजणं सुरू झालं.

माणूस गेलाय रे. आजच्या दिवस तरी गप बसा.

नव्या पोरांसाठी सांगतो. लई वर्षं झाली, आमचा मेंढरंवाला किसन तळ्याच्या कडेला मेलेला सापडला. डोक्यात घाव. खिशात चिठ्ठी.

"दिवस मावळताना तळ्यापाशि ये. एकटा ये."

कोणी लिहिली, ते आजवर उघडकीला आलेलं नाही. पण गावाला मात्र त्याच दिवशी कळलं! कशावरून? तर म्हणे अक्षर भिवाचं हाय.

अरे, गावात दुसरं अक्षर बघितलं होतं कुणी? शाळेच्या भिंतीवर भिवा, पाण्याच्या टाकीवर भिवा, ट्रॅक्टरच्या मागं भिवा, गिरणीच्या पाटीवर भिवा.

पोलिसांनी त्याला नेलं. तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहून घेतली. रिपोर्ट आला: साम्य आहे, खात्रीनं सांगता येत नाही. सोडून दिलं.

पोलिसांनी सोडलं. गावानं न्हाई.

आज माझ्याच पुतण्यानं, संतोषनं, पेपरात छापलेल्या त्या चिठ्ठीचा फोटो आणि गिरणीच्या पाटीचा फोटो शेजारी शेजारी टाकले. वर लाल गोल काढून.

"काका, झूम करून बघा. 'त' सेम टू सेम हाय."

"आन 'ए'?"

"त्यो जरा येगळा हाय. घाईत लिवला आसंल."

म्हणजे जुळलं तर भिवा, आणि न्हाई जुळलं तर घाईतला भिवा. वा रे एक्स्पर्ट!

मग रिटायर गुरुजी आले. "वेलांटी ऱ्हस्व आहे. भिवाच्या पाट्यांवर हीच चूक असायची."

गुरुजी, हात जोडतो. वेलांटीवरून धरायचं म्हटलं तर अर्धा तालुका आत जाईल. मी तर पहिल्याच गाडीत.

मी शाळेची पायरी चढलेलो नाही. ऊसतोडीवरून गावी आलो की गिरणीत दळण टाकायचो, आणि नंबर येईपर्यंत पाटीवरची अक्षरं सांडलेल्या पिठात बोटानं गिरवायचो.

समोरच्या भिंतीला शिडी लावून भिवा रंगवत असायचा. वरूनच ओरडायचा, "आरं, 'व'चं पोट मोठं काढ बे! उपाशी दिसतंय ते."

असे त्या पिठात कितीतरी जण शिकले. आम्हा सगळ्यांचं अक्षर भिवाचंच हाय. आता जुळवा.

त्या खुनानंतर भिवाला कुणी काम दिलं नाही. ब्रश वाळून कडक झाले.

बोलावलं फक्त एकीनं. किसनच्या बायकोनं, पारूवहिनींनी. नवऱ्याच्या समाधीवर नाव लिहायला.

भावकी अंगावर धावून आली. वहिनी म्हणाल्या, "आमच्या मालकाला वाचायाच येत न्हवतं. ती चिठ्ठी त्येंला कुणीतरी वाचून दावली आसंल ना? त्यो कोण, ते हुडका की आदी."

हे त्यांनी फौजदारालाही सांगितलं होतं. गुरुजींनाही. सरपंचालाही.

चिठ्ठी कुणी लिहिली यावर गाव इतकी वर्षं भांडतंय. ती वाचली कुणी, हे एकानंही विचारलं नाही. वाचणारा आपल्यातलाच निघंल, ही भीती. दुसरं काय!

आज वहिनी काठी टेकत मसणवट्यापर्यंत आल्या. बाया येत नसतात, तरी आल्या. मला म्हणाल्या, "भावजी, भिवा गेले. मी बी आज न्हाई उद्या जाईन. मंग इचारणारं कोण ऱ्हातंय?"

 ग्रुपवर सगळे शहाणे आहेत. द्या उत्तर कुणीतरी.

साऱ्या गावाच्या दारावर नावं लिहिणाऱ्या भिवाच्या स्वतःच्या दारावर नाव नव्हतं. कुणी ना कुणी येऊन कोळशानं 'खुनी' लिहून जायचं. तो चुना मारायचा. पुन्हा लिहायचे. पुन्हा चुना.

उद्या त्या चुन्यावर मी त्याचं नाव लिहिणार आहे. 'व'चं पोट मोठं काढून. अक्षर हुबेहूब त्याचंच येणार.

संतोष, ये फोटो काढायला. कर झूम.

भिवा, लेका, रामराम घे.

वहिनींचा प्रश्न मी विचारत राहीन. जीव हाय तोवर.